मॉड्यूल लोड झालं, पण खरं बोलतंय का?

नव्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, आमचं मॉड्यूल (त्या गाभ्याला जोडायचा कोडचा तुकडा) कंपाइल झालं नाही, की मला हायसं वाटतं. कंपायलर ओळ दाखवतो, कुठलं फील्ड गेलं, कुठल्या फंक्शनचं एक आर्ग्युमेंट कमी झालं ते नाव घेऊन सांगतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम आटोपतं, फार तर दुसरा दिवस उजाडतो. माझी झोप उडते ती उलट प्रसंगी. नवं कर्नल आलं, मॉड्यूल एकाही वॉर्निंगशिवाय बिल्ड झालं, लोड झालं, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, चकार शब्द नाही आणि आकडे भराभर यायला लागले. आता हे आकडे खरे आहेत, हे कोणी सांगायचं?

मी नागपुरात, आयटी पार्कच्या बाजूला एका छोट्या ऑफिसात बसते. आम्ही लिनक्ससाठी एक ट्रेसिंग मॉड्यूल सांभाळतो. डिस्ककडे गेलेली प्रत्येक रिक्वेस्ट किती वेळ अडकली आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरवर कोण बसलं होतं, एवढंच ते टिपतं. ज्यांच्या मशीन आहेत ती मंडळी त्यावरून ठरवतात, नवीन डिस्क घ्यायच्या की आपलंच सॉफ्टवेअर सुधारायचं. म्हणजे आमच्या एका आलेखावर कोणाच्या तरी खिशातले बरेच पैसे अवलंबून असतात. मशीनही एका जातीच्या नसतात. एकाच ठिकाणी रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ असतं, त्याचं कर्नल ४.१८. शेजारच्या रॅकमध्ये ९, त्याचं ५.१४. उबुंटू २२.०४ कोणाकडे ५.१५ वर चालतं, तर नवीन हार्डवेअरसाठीचं कर्नल घेतलेल्यांकडे तेच २२.०४ थेट ६.८ वर. डेबियन १२ असेल तर ६.१, १३ असेल तर ६.१२. या सगळ्यांवर मॉड्यूल चालायला हवं, आणि सगळीकडे ‘५ मिलिसेकंद’ याचा अर्थ एकच असायला हवा. सुसंगतता म्हणजे माझ्या मते हा दुसरा भाग. पहिला भाग मेहनतीचा आहे, पण सोपा आहे.

कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला, म्हणजे सिस्टिम कॉल (कर्नलकडे काम मागायची ठरलेली दारं) वापरणाऱ्याला, लिनक्सनं शब्द दिलेला आहे: काल चालणारा प्रोग्राम उद्याही चालेल. लिनक्सचे जनक लायनस टॉरवॉल्ड्स या शब्दाबाबत किती कडक आहेत हे सर्वांना माहीत आहे. कर्नलच्या आत मात्र असा कुठलाही शब्द नाही, आणि तो मुद्दामच दिलेला नाही. कर्नलच्या स्थिर शाखा सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर लिहिलेलं टिपण कर्नलच्या सोर्सबरोबरच मिळतं. त्यांचं म्हणणं असं, की आतली रचना गोठवली तर चुका दुरुस्त करण्याची मोकळीक जाते. एखाद्यानं आतलं फंक्शन बदललं, तर झाडाच्या, म्हणजे कर्नलच्या मूळ सोर्सच्या, आतल्या सगळ्या वापरकर्त्यांची दुरुस्ती त्यानंच करायची असते. झाडाबाहेर राहणाऱ्यानं आपलं आपण बघायचं. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं आणि आमच्यासारख्यांना पुन्हा बसावं लागतं. मला हे अन्यायाचं वाटत नाही. ज्या बदलांनी मला रात्री जागवलं, त्यातल्या बहुतेकांमुळे कर्नल खरोखरच सुधारलं आहे.

आवाज करणारे, म्हणजे बिल्ड तोडणारे, बदल पटकन सांगून टाकते. ५.० मध्ये ॲक्सेस-ओके या मॅक्रोचं पहिलं आर्ग्युमेंट गेलं. ५.६ मध्ये प्रॉक फाइलींसाठी वेगळं प्रॉक-ऑप्स स्ट्रक्चर आलं. ५.८ मध्ये एमएमॅप-सेमचं नाव एमएमॅप-लॉक झालं. ५.१४ मध्ये टास्क-स्ट्रक्टमधल्या स्टेट या फील्डच्या नावाआधी दोन अंडरस्कोर लागले. ६.४ मध्ये क्लास-क्रिएटचं एक आर्ग्युमेंट कमी झालं. ट्रेसिंगवाल्यांना थेट लागलेला बदल ६.१० चा: ट्रेस इव्हेंटमध्ये स्ट्रिंग भरणारा असाइन-स्ट्रिंग मॅक्रो दोनऐवजी एकच आर्ग्युमेंट घेऊ लागला. ६.१२ मध्ये अनअलाइन्ड नावाचं हेडर एएसएम फोल्डरमधून लिनक्स फोल्डरमध्ये गेलं. यातला एकही बदल लपून राहत नाही. बिल्ड तुटतं, आपण वाचतो, रॅपर (जुनं-नवं दोन्ही रूप झाकणारं आवरण) लिहितो, पुढे जातो.

मुके बदल, म्हणजे बिल्ड न तोडता येणारे, वेगळे. त्यातला मला सगळ्यात शिकवून गेलेला बदल शेड्यूलरच्या (प्रोसेसरवर कोणी बसायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) स्विच ट्रेसपॉइंटचा आहे. ट्रेसपॉइंट म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये मुद्दाम ठेवलेली निरीक्षणाची जागा. प्रोसेसर एका टास्कवरून दुसऱ्यावर गेला, की हा ट्रेसपॉइंट वाजतो. त्याची आर्ग्युमेंट्स पूर्वी तीन होती: बळजबरीनं काढलं का, आधीचा टास्क कोण, नंतरचा कोण. २०२२ मध्ये, ५.१८ च्या काळात, त्यात आधीच्या टास्कची स्थिती हे चौथं आर्ग्युमेंट आलं. कारण चांगलं होतं. ट्रेसपॉइंट ती स्थिती टास्कमधून पुन्हा वाचत असे, आणि तेवढ्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरनं त्या टास्कला उठवलेलं असू शकतं. मग झोपायला निघालेला टास्क ट्रेसमध्ये जागा दिसायचा. म्हणून स्थिती आधीच वाचून ठेवायची आणि ती पाठवायची. फक्त ती घातली दुसऱ्या जागी, मधोमध.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, आर्ग्युमेंट वाढलं तर कंपायलर ओरडेलच. इथेच खरी गोम आहे. सगळे ट्रेसपॉइंट मॉड्यूलसाठी एक्स्पोर्ट केलेले, म्हणजे खुले, नसतात. त्यामुळे आमच्यासारखी मॉड्यूल कर्नलमधल्या सगळ्या ट्रेसपॉइंटच्या यादीवरून फिरतात, नाव जुळलं की तिथे आपलं फंक्शन नोंदवतात. नोंदणी करणारं फंक्शन आपला पत्ता व्हॉइड पॉइंटर म्हणून घेतं. व्हॉइड पॉइंटर म्हटलं की टाइप पुसला. तुमचं फंक्शन तीन आर्ग्युमेंट्सचं आहे की तेरांचं, कंपायलरला कळायला मार्ग नाही. ‘आधीचा टास्क’ म्हणून हातात पडलेला पॉइंटर प्रत्यक्षात ० किंवा १ असा स्थितीचा आकडा निघतो. मॉड्यूलनं त्याच्या आत डोकावलं, की मशीन जागीच कोसळतं. ईबीपीएफ प्रोग्राम (कर्नलच्या आत पहाऱ्याखाली चालणारा छोटा प्रोग्राम) असेल तर चुकीच्या पत्त्यावरचं वाचन सुरक्षितपणे फसतं, शून्य मिळतं, आणि प्रोग्राम हसतमुखानं सांगत राहतो की आधीचा टास्क शून्य क्रमांकाचा होता. मशीन कोसळणं वाईट आहेच, पण दुसरं जास्त वाईट, कारण ते चालूच राहतं.

यावरून तक्रारी झाल्या आणि ते आर्ग्युमेंट उचलून शेवटी नेण्यात आलं. शेवटी नेल्यानं काय साधलं? एक्स८६-६४ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर, पहिली सहा आर्ग्युमेंट्स रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणांमधून) जातात. जुन्या फंक्शनला शेवटचं जादा रजिस्टर दिसतच नाही, ते आपल्या ओळखीची पहिली रजिस्टर वाचतं आणि नीट चालतं. जागा बदलण्याचा बदल इवलासा, पण जुनी साधनं त्यानं वाचली.

वर्ध्याहून आमच्याकडे एक मुलगी कामाला आली आहे. हुशार आहे आणि तिला घाईही आहे, दोन्ही चांगलंच. असंच एक नवं कर्नल तिनं पहिल्या फटक्यात बिल्ड करून दाखवलं आणि मी पुढे पाठवू देईना. ती म्हणाली, “मॅडम, बिल्ड तर झालं ना. मग काऊन थांबून राहिलो आपण?”

मी म्हटलं, “अगं, कसं काय झालं तेच बघायचं आहे.”

मग आम्ही दोघी त्या व्हॉइड पॉइंटरपाशी बसलो. कर्नलच्या ट्रेसपॉइंट हेडरमध्ये एक सुंदर गोष्ट आहे, ती फार कमी लोक वापरतात. प्रत्येक ट्रेसपॉइंटसाठी ‘चेक ट्रेस कॉलबॅक टाइप’ अशा नावाचं एक रिकामं इनलाइन फंक्शन आपोआप तयार होतं. ते काहीच करत नाही, त्याला फक्त योग्य टाइपचा फंक्शन पॉइंटर लागतो. आपण नोंदणी करण्याआधी आपलं फंक्शन त्याच्या हातात द्यायचं. आर्ग्युमेंट्स जुळली नाहीत तर कर्नलची बिल्ड व्यवस्था तिथेच एरर देते. चालताना खर्च शून्य, कारण कंपायलर ते पुसूनच टाकतो. व्हॉइड पॉइंटरनं घालवलेला आवाज असा परत मिळतो. त्या मुलीनं दोन दिवसांत आमच्या प्रत्येक प्रोबसमोर (ट्रेसपॉइंटवर नोंदवलेल्या फंक्शनसमोर) ही ओळ लावली. आता एखाद्या ट्रेसपॉइंटनं रूप बदललं, तर आम्हाला ते बिल्डमध्येच कळतं. ५.११ मध्ये ब्लॉक लेयरच्या (डिस्कच्या रिक्वेस्ट हाताळणाऱ्या थराच्या) रिक्वेस्ट-इश्यू ट्रेसपॉइंटमधून क्यूचं आर्ग्युमेंट काढलं गेलं होतं, तसा बदल उद्या पुन्हा झाला तर तो ओरडत येईल.

त्याच ५.११ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. एफट्रेसच्या (कर्नलमधल्या फंक्शन-ट्रेसिंग यंत्रणेच्या) कॉलबॅकला आधी पीटी-रेग्स मिळायचं, त्याऐवजी एफट्रेस-रेग्स मिळू लागलं. हा बदल आवाज करणारा: बिल्ड तुटलं, सगळे धावले, टाइप बदलला, बिल्ड झालं, सगळे घरी गेले. पण त्याच रिलीजमध्ये पुनरावृत्तीपासून बचाव करणाऱ्या झेंड्याचा, म्हणजे फ्लॅगचा, अर्थ उलटा झाला. आधी झेंडा लावायचा तो ‘मी स्वतःला सांभाळतो, मला सोडा’ हे सांगायला, आणि झेंडा नसेल तर कर्नल सांभाळत असे. आता झेंडा लावायचा तो ‘मला सांभाळा’ म्हणायला, आणि झेंडा नसेल तर कोणीच सांभाळत नाही. ज्यानं कधीच झेंडा लावला नव्हता, त्याच्या कोडमध्ये एक अक्षरही बदलायची गरज पडत नाही आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर मात्र गेलेलं असतं. कॉलबॅकनं आतून एखादं असं फंक्शन वापरलं, की ज्यावरही ट्रेसिंग चालू आहे, तर तो स्वतःलाच बोलावत राहणार आणि स्टॅक संपेपर्यंत थांबणार नाही. मोठ्यानं ओरडणारा बदल शेजारच्या मुक्या बदलाकडे लक्ष जाऊ देत नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा, की एखाद्या हेडरमुळे बिल्ड तुटलं तर तेवढी ओळ दुरुस्त करून उठायचं नाही. त्या हेडरचा आणि त्यामागच्या सी फाइलीचा मागच्या आवृत्तीपासूनचा सगळा इतिहास वाचायचा, कमिटच्या मजकुरासकट.

आता त्याहून मुका प्रकार. नाव तेच, टाइप तोच, आर्ग्युमेंट्स तीच, आणि अर्थ वेगळा.

ब्लॉक लेयरच्या रिक्वेस्ट स्ट्रक्चरमध्ये सुरुवातीची वेळ नॅनोसेकंदात ठेवणारं एक फील्ड आहे. ४.१८ च्या आधी ते शेड्यूलरच्या घड्याळातून भरलं जायचं. २०१८ मधल्या ४.१८ पासून ते केटाइमच्या मोनोटॉनिक घड्याळातून भरलं जाऊ लागलं. दोन्ही ६४ बिटांचे आकडे, दोन्ही साधारण मशीन सुरू झाल्यापासून मोजणारी. फरक एवढाच, की मोनोटॉनिक घड्याळाची चाल एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोटोकॉल) हळूहळू सुधारत असतो आणि शेड्यूलरचं घड्याळ आपल्याच चालीनं चालतं. समजा दोघांत दहा लाखात दहा भागांचा फरक आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोज सुमारे ०.८६ सेकंदाची तफावत साचते. आता एखाद्या मॉड्यूलनं रिक्वेस्टच्या फील्डमधली वेळ घेतली आणि ती जुन्या सवयीनं शेड्यूलरच्या घड्याळातून वजा केली, तर नुकत्याच चालू केलेल्या व्हर्च्युअल मशीनवर उत्तर बरोबर दिसेल. चाचणी हिरवी होईल. ग्राहकाच्या महिनोन्‌महिने न थांबलेल्या सर्व्हरवर मात्र प्रत्येक डिस्क रिक्वेस्टला कित्येक सेकंद लागल्याचं दिसेल, किंवा वजाबाकी उणे जाऊन अनसाइन्ड (उणे होऊच न शकणाऱ्या) आकड्यात अवाढव्य होऊन बसेल.

अवाढव्य आकडा निदान डोळ्यांत खुपतो. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती, आठवत असेल. देशभर बातमी झाली आणि मग सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं स्पष्ट झालं. ५६ म्हटल्यावर कोणीही चमकणारच. पण तोच सेन्सर ४४ च्या जागी ४६ दाखवत राहिला असता, तर मे महिन्यात आपल्या शहरात कोणाला शंका आली असती? ट्रेसिंगमध्ये मी घाबरते ती या ४६ ला.

म्हणून आमचं मॉड्यूल दुसऱ्यानं टिपलेली वेळ आपल्या वेळेतून कधीच वजा करत नाही. रिक्वेस्ट निघाली तेव्हा आपण वेळ टिपायची, पूर्ण झाली तेव्हाही आपणच, आणि दोन्ही एकाच घड्याळातून. त्यासाठी मध्ये एक हॅश टेबल सांभाळावं लागतं, थोडी मेमरी जाते, थोडा वेळ जातो. तो खर्च मी आनंदानं करते, कारण त्यामुळे कर्नलच्या आतल्या एका फील्डच्या अर्थावरचं आमचं अवलंबित्व संपतं. जितक्या कमी गोष्टींवर विसंबाल तितक्या कमी गोष्टी तुमच्या पाठीमागे बदलतील.

आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबणं हा वेगळाच विषय. नवखा माणूस पहिल्यांदा हेच लिहितो: कर्नल ५.० किंवा पुढचं असेल तर असं, नाहीतर तसं. मूळ कर्नलपुरतं हे ठीक आहे. पण रेड हॅट ८ चं ४.१८ हे फक्त नावानं ४.१८ आहे. त्यात नंतरच्या आवृत्त्यांमधलं कितीतरी काम मागे आणलेलं असतं, आणि त्यांच्या ग्राहकांना तेच हवं असतं. ॲक्सेस-ओकेचा ५.० मधला बदल ८.१ च्या ४.१८ मध्ये आलेला आहे. लाँगटर्म, म्हणजे वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणाऱ्या, शाखांमध्येही हे होतं. रँडम नंबरच्या कोडमधले न वापरलेले ट्रेसपॉइंट ५.१८ मध्ये काढून टाकले, आणि २०२२ च्या मे महिन्यात तीच साफसफाई ५.१०.११९ मध्येही उतरली. शाखा जुनी, क्रमांकातला शेवटचा तुकडा तेवढा बदललेला, आणि ट्रेसपॉइंट गायब. एलटीटीएनजी या ट्रेसिंग साधनाच्या मॉड्यूलचं सोर्स उघडून बघा, तिथे मूळ कर्नलच्या आवृत्त्यांचे पट्टे आहेत, उबुंटूचे वेगळे, रेड हॅटचे वेगळे. मॅथ्यू देनोआये आणि त्यांचे सहकारी ते किती निगुतीनं सांभाळतात, हे वाचताना मला दरवेळी आदर वाटतो. मी हे काम त्यांच्या रॅपर फोल्डरमधूनच शिकले.

आम्ही मात्र जमेल तिथे क्रमांक विचारत नाही, थेट कर्नललाच विचारतो. बिल्डच्या सुरुवातीला चार-पाच ओळींचे छोटे सी तुकडे समोरच्या हेडरवर कंपाइल करून बघायचे. दोन आर्ग्युमेंट्सचं ॲक्सेस-ओके कंपाइल झालं का? झालं, तर या कर्नलमध्ये ते तसं आहे, मग त्याचा क्रमांक काहीही असो. याला वेळ लागतो, बिल्ड हळू होतं, आणि ते तुकडेही सांभाळावे लागतात. तरी मी हाच मार्ग घेईन.

लपलेल्या सिम्बॉलबद्दलही, म्हणजे मॉड्यूलला खुल्या नसलेल्या फंक्शनच्या नावांबद्दलही, एक मत सांगते, पटलं नाही तरी चालेल. ५.७ मध्ये, २०२० साली, कॉलसिम्स-लुकअप-नेम हे फंक्शन मॉड्यूलसाठी बंद झालं. तोवर कर्नलमधल्या कुठल्याही फंक्शनचा पत्ता नावावरून मिळत असे, एक्स्पोर्ट असो वा नसो. त्यावर लोकांनी लगेच वाट काढली: त्याच नावावर केप्रोब (चालत्या कर्नलमध्ये फंक्शनवर लावायचा सापळा) लावायचा, केप्रोबच्या स्ट्रक्चरमध्ये पत्ता मिळतो, तो घ्यायचा आणि केप्रोब काढून टाकायचा. चालतं. पण ते फंक्शन बंद करणं मला योग्यच वाटतं. एक्स्पोर्ट केलेल्या सिम्बॉलला मॉडव्हर्जन्सचं संरक्षण असतं. फंक्शनच्या रूपावरून एक सीआरसी (तपासणीचा आकडा) काढलेला असतो आणि तो जुळला नाही तर कर्नल मॉड्यूल लोडच करू देत नाही. नावावरून पत्ता काढून तो कास्ट केला, की हा पहारा आपण स्वतः उठवला. आमच्याकडे असा मार्ग लागतोच, पण तो एकाच फाइलीत आहे आणि त्या फाइलीत काही वाढवायचं तर दोघांनी वाचल्याशिवाय वाढत नाही.

मग ईबीपीएफ का नाही, असं मला प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं. आम्ही बरंचसं काम तिकडे नेलंच आहे. कर्नल आपल्या स्ट्रक्चरांचं वर्णन बीटीएफ रूपात स्वतःबरोबर ठेवतं, आणि लोड होताना प्रोग्राममधली फील्डची ठिकाणं त्या वर्णनाप्रमाणे जुळवून घेतली जातात. एकदा कंपाइल केलेलं अनेक कर्नलवर चालतं, ही मोठीच सोय आहे. स्टेटला अंडरस्कोर लागले तेव्हा प्रोग्रामनं दोन्ही नावं विचारायची, जे सापडेल ते वाचायचं, एवढ्यावर भागलं. पण बीटीएफ फील्ड कुठे आहे ते सांगतं. त्या फील्डमध्ये कुठल्या घड्याळाची वेळ आहे, ते सांगत नाही. अर्थाची जबाबदारी मॉड्यूल लिहिणाऱ्याकडून ईबीपीएफ लिहिणाऱ्याकडे गेली, नाहीशी झाली नाही.

आणि दुसऱ्या टोकाला वाचणारेही असतात, हे विसरायला नको. २०११ च्या सुमाराला कर्नलमधून बिग कर्नल लॉक (सगळ्या कर्नलला मिळून असलेलं एक जुनं कुलूप) हद्दपार होत होतं. प्रत्येक ट्रेस इव्हेंटच्या सामायिक भागात त्या लॉकची खोली दाखवणारं एक फील्ड होतं, ते आता निरर्थक झालं म्हणून काढलं. त्यासरशी पॉवरटॉप हे वीजवापर दाखवणारं साधन बिघडलं, कारण ते इव्हेंटमधली फील्ड ठरावीक बाइटांवर आहेत असं गृहीत धरून वाचत होतं. कर्नलला त्या जागी रिकामे चार बाइट परत ठेवावे लागले. प्रत्येक इव्हेंटची फॉरमॅट फाइल ट्रेसएफएसमध्ये (ट्रेसिंगसाठीच्या फाइल सिस्टिममध्ये) असते, ती वाचूनच फील्ड शोधायची, हा धडा तेव्हापासूनचा. आमच्या आलेख काढणाऱ्या प्रोग्राममध्ये बाइटांची एकही ठरलेली जागा लिहिलेली नाही.

राहता राहिलं खरेपण तपासणं. त्यासाठी उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न लागतो. लिनक्समध्ये नल-ब्लॉक नावाचं खोटं डिस्क उपकरण आहे. ते डेटा कुठेच लिहीत नाही, पण टायमर लावून किती नॅनोसेकंदांनी रिक्वेस्ट पूर्ण करायची ते आपण ठरवू शकतो. आम्ही ५ मिलिसेकंद ठेवतो आणि त्यावर भार टाकतो. मॉड्यूलचे आकडे पाचाच्या थोडे वर यायला हवेत. पाचाच्या खाली एक जरी आकडा आला, तर ते कर्नल आमच्यासाठी बंद. टायमरच्या आधी रिक्वेस्ट पूर्ण होऊच शकत नाही, त्यामुळे तिथे वादाला जागा नाही. शेड्यूलरसाठी दोन थ्रेड एकाच प्रोसेसरवर बांधतो आणि पाइपमधून एक बाइट इकडून तिकडे खेळवतो. ट्रेसमध्ये ते आळीपाळीनं दिसले पाहिजेत आणि जाणारा प्रत्येक जण झोपलेला दिसला पाहिजे. मग दोन थ्रेड नुसते गणित करत ठेवतो. तिथे जाणारा प्रत्येक जण जागाच दिसला पाहिजे, कारण त्याला प्रोसेसरवरून बळजबरीनं काढलेलं असतं. स्थितीचा अर्थ बदलला तर ही चाचणी बोलते.

घड्याळाच्या तफावतीसाठी मशीन जुनं व्हायला द्यावं लागतं. प्रत्येक कर्नलचं एकेक व्हर्च्युअल मशीन आम्ही आठवडेच्या आठवडे बंद न करता ठेवतो आणि तीच चाचणी त्यावर रोज चालवतो. नागपूरच्या उन्हाळ्यात हे सोपं नाही. दुपारी वीज गेली आणि अपटाइम शून्यावर आला, तर महिन्याची वाट पाहणं वाया. म्हणून त्या मशीनला वेगळा इन्व्हर्टर आहे आणि ऑफिसात इतर कशासाठीही तो वापरायचा नाही असं ठरलं आहे. त्या खोलीत कूलर चालत नाही, त्याची ओलसर हवा मशीनला नको, एसीच लागतो. शिवाय बाहेर ४५ असताना प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. डिस्कच्या चाचणीला त्याचा फारसा त्रास नाही, पण टास्क जागा होऊन प्रोसेसरवर यायला किती वेळ लागला हे आकडे हलतात. म्हणून मे-जूनमध्ये ती तुलना आम्ही पहाटे चालवतो.

शेवटचा प्रश्न ग्राहकाच्या मशीनचा. तिथे डीकेएमएस असतं. रात्री नवीन कर्नल आपोआप उतरतं, डीकेएमएस आमचं मॉड्यूल त्यावर बिल्ड करतं, सकाळी मशीन नव्या कर्नलवर चालू असतं. कोणी काही पाहिलेलं नाही, आणि तरी आकडे येत आहेत. हे मला मान्य नव्हतं. म्हणून मॉड्यूल आता न तपासलेल्या कर्नलवर लोड होतं, पण मोजायला नकार देतं. लॉगमध्ये स्पष्ट लिहितं, की या कर्नलवर चाचणी झालेली नाही. आमच्या एका ग्राहकाकडचे सिस्टिम सांभाळणारे काका वयानं ज्येष्ठ आहेत, त्यांनी सकाळी सकाळी फोन केला, “ताई, रात्री अपडेट झालं आन् ग्राफ रिकामाच दिसून राहिला. काही तरी तर दाखवा ना.”

मी त्यांना सांगितलं, “काका, रिकामा आहे तेच बरं आहे. तुम्ही ती चाचणीची कमांड चालवा, दोन मिनिटं लागतील.”

चाचण्या आता मॉड्यूलच्या पॅकेजमध्येच जातात. नल-ब्लॉक आणि दोन थ्रेडची चाचणी त्यांच्या मशीनवर चालते. उत्तरं जुळली तर त्या कर्नलचा बिल्ड-आयडी मान्यतेच्या यादीत लिहिला जातो. आवृत्तीचा क्रमांक लिहीत नाही, बिल्ड-आयडीच लिहितो, कारण एकाच क्रमांकाची दोन वेगळी कर्नल आम्ही पाहिलेली आहेत. तो आयडी सिस एफएसमधल्या कर्नलच्या नोट्स फाइलीतून मिळतो. त्यानंतरच मोजणी सुरू होते. त्या काकांनी आता मशीन सुरू झालं की ही कमांड आपोआप चालावी अशी सोय स्वतःच करून घेतली आहे, आणि ती फसली तर त्यांच्या फोनवर मेसेज जातो. पुढच्या पॅकेजमध्ये आम्ही त्यांचीच ती स्क्रिप्ट सर्वांना देणार आहोत.